आधी तारा, मग खुर्च्या

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्या रात्रीपासून कोल्हापुरात जो वाद चाललाय तो दोनच वाक्यांभोवती फिरतो. 'शाहू महाराजांनी बांधलं तसंच्या तसं उभं करा' हे एक. 'एवढा पैसा घालताच आहात तर एकदाचं आधुनिक करून टाका, एसी बसवा' हे दुसरं. पहिल्याच्या पाठीशी भावना आहे, दुसऱ्याच्या पाठीशी एप्रिलच्या उकाड्यात तीन अंक बसून काढलेला प्रेक्षक. दोन्ही खरे. पण दोघांचंही बोलणं दर्शनी भाग, खुर्च्या, रंग आणि एसी यांच्या पुढे सरकत नाही. मेन पॅनेल कुठे बसणार, जुन्या तारा कोण काढणार, छताच्या पोकळीत धूर झाला तर कुणाला कळणार, डिझेल पंपाची बॅटरी कोण बघणार, हे कुणी विचारत नाही. वारसा इमारतीतली वीज, हवा आणि पाणी यांची यंत्रणा हा 'नंतर बघू'चा विषय धरला जातो. माझं म्हणणं उलटं आहे. ऐतिहासिक सार्वजनिक इमारतीत पहिला रुपया या यंत्रणेवर पडावा, तिचा आराखडा वास्तुरचनेच्या आराखड्याबरोबरच व्हावा, आणि ती अशी बसावी की वीस वर्षांनी दगडाला धक्का न लावता काढून दुसरी बसवता येईल. हे केशवराव नाट्यगृहाला लागू आहे तसंच टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयाला, सीपीआर रुग्णालयाच्या जुन्या इमारतीला आणि शहरातल्या दगडी शाळांनाही.

'तसंच्या तसं' म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, कुठल्या सालचं तसं? 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलं तेव्हाचं? नंतर वेळोवेळी डागडुजी होत गेली तेव्हाचं? की 7 ऑगस्ट 2024 च्या संध्याकाळचं? 1915 च्या रंगमंचावर ना दिवे मंद करणारा डिमर होता, ना ध्वनिक्षेपक, ना विंगेत दहा चार्जर लावून बसलेली मंडळी. आणि ज्या राजाचा दाखला दिला जातो तो राजा काय करत होता? राधानगरी धरणाचं काम सुरू केलं, 1912 ला खासबागेत कुस्तीचं एवढं मोठं मैदान उभं केलं, आणि त्याला लागून नाट्यगृह. शाहू महाराज जुन्याची नक्कल बांधत नव्हते. त्या काळात मिळेल ते सगळ्यात पुढचं बांधत होते. व्हेनिसचं ला फेनीचे हे ऑपेरागृह 29 जानेवारी 1996 ला जळालं तेव्हा तिथेही घोषणा हीच होती, 'जसं होतं तसं, जिथे होतं तिथे'. 2003 च्या डिसेंबरात ते उघडलं तेव्हा प्रेक्षकाच्या डोळ्यांना दिसणारी नक्षी जुन्याबरहुकूम होती, पण तिच्यामागची यंत्रणा नव्या काळाची. घोषणा देणाऱ्यांना त्यात विसंगती वाटली नाही, कारण ती नव्हतीच.

पण जुनं जपा म्हणणाऱ्यांच्या एका मुद्द्याला उत्तर देणं सोपं नाही, आणि तो मुद्दा मान्य करूनच पुढे जायला हवं. आगीपेक्षा सुधारणेनं जास्त वारसा इमारती विद्रूप केल्यात. काळ्या दगडाच्या दर्शनी भिंतीवर स्प्लिट एसीची आउटडोअर युनिटं लोंबतात, त्यांच्या पाण्यानं दगडावर शेवाळाचे पट्टे उठतात. सागवानी छताखाली जिप्समचं फॉल्स सीलिंग येतं आणि वर काय चाललंय ते पुन्हा कुणाला दिसत नाही. चुन्याच्या गिलाव्यात तारांसाठी झिऱ्या मारतात आणि सिमेंटनं बुजवतात. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. भिंतीतली ओल मग सिमेंटच्या पट्ट्याच्या कडेनं बाहेर पडते, सोबत क्षार आणते, आणि दोन पावसाळ्यांत झिरीच्या दोन्ही बाजूंचा जुना गिलावा पोपडे होऊन गळतो. हे बघितलेला माणूस 'काहीच करू नका' म्हणाला तर त्याचं चुकलं असं कसं म्हणणार? फक्त त्यानं दोष चुकीच्या जागी ठेवलाय. नुकसान यंत्रणेनं केलेलं नाही, शेवटच्या महिन्यात मिळेल तिथून घुसवलेल्या यंत्रणेनं केलंय. रात्र थोडी, सोंगं फार, अशी गत झाली की ड्रिल मशीन दगड बघत नाही.

आता आग नेमकी कशी लागते ते पाहू, कारण वादातलं सगळ्यात मोठं अज्ञान इथे आहे. जुन्या इमारतीला आग लागली की 'शॉर्टसर्किट' म्हणून सगळे मोकळे होतात. खरं तर दोन तारा थेट चिकटल्या तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धड एमसीबी (प्रवाह वाढला की आपोआप पडणारा खटका) असेल तर तो सेकंदाच्या छोट्या अंशात पडतो. घात करतो तो ढिला जॉइंट. तारा पिळून वर टेप मारलेला, पंधरा वर्षं छतात पडून राहिलेला जॉइंट घ्या. तांब्यावर काळा थर चढतो आणि त्या नखाएवढ्या जागेत 0.1 ओहम अवरोध तयार होतो. त्यातून 20 अँपिअर वाहिले की तिथे 40 वॅट उष्णता निघते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं सोल्डरिंग आयर्न, म्हणजे धातू वितळवून तारा जोडायचं अवजार, 25 वॅटचं असतं, यावरून कल्पना करा. व्होल्टेज पडतं फक्त 2 व्होल्ट, म्हणून दिवा मंद होत नाही. प्रवाह नेहमीचाच, म्हणून एमसीबी पडत नाही. गळती जमिनीत जात नाही, म्हणून गळती पकडणाऱ्या ईएलसीबीलाही काही कळत नाही. शेजारी शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, धूळ आणि पारव्यांच्या घरट्यांच्या काड्या. दिल्लीच्या उपहार सिनेमात 13 जून 1997 ला 59 माणसं गेली. तिथे ट्रान्सफॉर्मरची त्याच सकाळी दुरुस्ती झाली होती, आणि केबलचा सॉकेट क्रिम्पिंग मशीननं दाबायचा तो डाय आणि हातोड्यानं ठोकला होता. जॉइंट सुटला, ठिणग्या उडाल्या, तेल गळून पेटलं. इमारत जुनी होती म्हणून ती माणसं गेली नाहीत. एक जॉइंट नीट नव्हता आणि बाहेर पडायचे मार्ग अडवलेले होते.

असे जॉइंट का साठतात? कारण भर सगळे घालतात, काढत कुणी नाही. सरकारी कामात वायरिंगचा दर पॉइंटमागे असतो. नवा पॉइंट काढला की मोजमाप पुस्तकात नोंद होते, बिल निघतं. जुन्या बंद तारा ओढून काढायच्या, छताची पोकळी साफ करायची, याला बहुतेक एस्टिमेटमध्ये बाबच नसते. मग लाकडी केसिंग-कॅपिंगमधल्या रबरी तारा, त्यावर पीव्हीसीच्या, त्यावर कुणा आयोजकानं 'तात्पुरत्या' ओढलेल्या, असे थर बसतात. कुठली तार जिवंत आणि कुठली मेलेली हे सांगणारा वायरमन निवृत्त होतो आणि नकाशा त्याच्या डोक्यातच जातो. एखादं सर्किट वारंवार ट्रिप व्हायला लागलं की 16 अँपिअरचा एमसीबी काढून 32 चा बसवतात. ट्रिपिंग थांबतं, सगळे खूश. पण भिंतीतली तार अडीच चौरस मिलिमीटरचीच राहते, आणि आता तिला वाचवणारं कुणी नसतं.

रंगमंचाचं दुखणं तर आणखी वेगळं. थायरिस्टर डिमर आणि स्वस्त एलईडी तिसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे मूळ लाटेच्या तिप्पट वेगानं फिरणारा, प्रवाह तयार करतात. तिन्ही फेजचा हा प्रवाह न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या तारेत, एकमेकाला खोडत नाही, त्याची बेरीज होते. दिवे अर्धवट मंद केलेले असताना न्यूट्रलमध्ये फेजपेक्षा जास्त प्रवाह जाऊ शकतो. जुन्या पॅनेलमध्ये न्यूट्रल फेजच्या निम्म्या जाडीची असते आणि तिच्यावर संरक्षण नसतं. ती तापून सुटली की 230 व्होल्टच्या उपकरणांवर 400 च्या घरातला दाब येतो आणि साउंडवाल्याचा मिक्सर जातो, तेव्हा कुठे सगळे धावतात. त्यात बाहेरगावची मंडळी येतात, स्टेजवर योग्य सॉकेट नसतो, मग पंधरा अँपिअरच्या भोकात नागडी वायर आणि ती पडू नये म्हणून काडेपेटीची काडी. त्यांना दोष देऊन काय उपयोग? विंगेत 32 आणि 63 अँपिअरचे थ्री-फेज इंडस्ट्रियल सॉकेट, त्यांच्या स्वतंत्र पॅनेलसह, आराखड्यातच धरले तर काडी लागत नाही. नवी न्यूट्रल पूर्ण जाडीची, डिमरला वीज नेणाऱ्या फीडर केबलवर त्याहून मोठी. सॉकेट सर्किटला 30 मिलिअँपिअरची, गळती पकडणारी आरसीसीबी, मुख्य पुरवठ्यावर 300 मिलिअँपिअरची उशिरा पडणारी. केबल हॅलोजनमुक्त, म्हणजे पेटल्या तरी कमी धूर आणि आम्लवायू नाही. याचा खर्च मोठा नाही, पण तो तिकीट काढून आलेल्या माणसाला दिसत नाही.

एसीवाल्यांचा मुद्दाही रास्त आहे. प्रेक्षक आले नाहीत तर नाट्यगृह जपून करायचं काय? पण एसी हा किती टनांचा प्रश्न आहे, हे आधी मोजा. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता सोडतो. 700 प्रेक्षकांचे 70 किलोवॅट, म्हणजे 20 टन (एसीचा एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता ओढण्याची ताकद). रंगमंचावर 1 किलोवॅटचे 60 हॅलोजन पेटले तर 60 किलोवॅट, म्हणजे आणखी 17 टन. तेच दिवे 200 वॅटच्या एलईडीचे केले तर साडेतीन टन पुरतात. म्हणजे एसीचं टेंडर काढण्याआधी दिवे बदलले तर तेरा-चौदा टनांची यंत्रणा, तिची केबल, तिचा ट्रान्सफॉर्मर आणि तिचं दरमहाचं बिल वाचतं. आपल्याकडे क्रम उलटा असतो. आधी एसी, मग कधीतरी दिवे. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. सातशे माणसं श्वास आणि घामातून तीन तासांत शंभरेक लिटर पाणी हवेत सोडतात, आणि जुलैत कोल्हापूरची बाहेरची हवाही तेवढीच ओली. थंड हवेचा डक्ट लाकडी छतावरून नेला आणि त्याच्या इन्सुलेशनच्या जोडात फट राहिली की तिथे दव धरतं, थेंब सागवानी फळीवर पडत राहतो, आणि बुरशी वरून दिसेपर्यंत फळी आतून मऊ झालेली असते. प्रयोगापुरता तीन तास एसी आणि मग चार दिवस बंद, हा खाक्या चुन्याला आणि लाकडाला सर्वात वाईट. म्हणून डक्ट छतातून नकोच. खुर्च्यांखालून, जमिनीखालच्या पोकळीतून 18-19 अंशांची हवा संथपणे सोडा. ती माणसांपाशीच काम करते, गरम हवा आपोआप वर जाते, छताला ओलावा लागत नाही, आवाजही कमी. हवा हाताळणारं युनिट इमारतीबाहेर स्वतंत्र पायावर, म्हणजे कंपनं दगडी भिंतीत शिरत नाहीत. आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी एसीऐवजी नुसती बाहेरची हवा ओढण्याची सोय ठेवा. कोल्हापूरला ती चैन परवडते.

ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय 2 सप्टेंबर 2018 ला खाक झालं. तिथल्या पोलिस तपासात आगीचं मूळ तळमजल्यावरच्या सभागृहातल्या एका एसी युनिटपाशी सापडलं. शिवाय अग्निशामक दल पोहोचलं तेव्हा जवळचे हायड्रंट, म्हणजे आगीच्या पाण्याचे नळ, कोरडे होते. एसी हा सुखसोयीचा विषय आहे असं समजून तो कुठल्याही सर्किटवर टाकणाऱ्यांनी ही आग लक्षात ठेवावी. आणि हायड्रंटवर भरवसा ठेवणाऱ्यांनीही. व्हेनिसमध्ये तर शेजारचे कालवे गाळ काढण्यासाठी नेमके तेव्हाच कोरडे केलेले होते. इमारतीची स्वतःची जमिनीखालची टाकी, विजेवरचा मुख्य पंप, डिझेलचा राखीव पंप, दाब टिकवणारा जॉकी पंप, आणि सगळ्यात दूरच्या हायड्रंटला साडेतीन बारचा दाब. एवढं असलं तरी दोन गोष्टी नेमक्या चुकतात. पंपाचा सिलेक्टर 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर पडून असतो, कारण गळक्या पाइपमुळे जॉकी पंप सारखा सुरू होऊन ऑपरेटरची झोप मोडतो. आणि डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली असते. पंपखोली तळघरात नको हे वेगळं सांगायला नको. 2019 ला पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 फुटांपुढे गेली होती, तेव्हा शहरातल्या किती तळघरांत काय तरंगत होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

तारा न्यायच्या कशा, याचं उत्तर दगडी इमारतींसाठी जगात केव्हाच मिळालंय. तांब्याच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइड ठासलेली केबल बोटाएवढी किंवा त्याहून बारीक असते, कंगोऱ्याच्या कडेनं उघडी नेली तरी डोळ्यात येत नाही, आणि 950 अंशांत तीन तास टिकते. महाग आहे, म्हणून ती सगळीकडे नको. आणीबाणीचे दिवे, आगीची सूचना आणि पंपाचे संकेत यांना पुरे. बाकीच्या केबल जमिनीखालच्या चरातून आणि एक-दोन उभ्या शाफ्टमधून. खिळा किंवा अँकर दगडात नाही, दोन दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यात, म्हणजे उद्या काढला तर सांधा भरता येतो. मजल्यातून, भिंतीतून जाणारं प्रत्येक भोक उष्णतेनं फुगणाऱ्या मसाल्यानं बंद. ग्लासगोच्या कलामहाविद्यालयात 2014 ला आग पसरली ती जुन्या हवेच्या डक्टमधून आणि लाकडी पोकळ्यांतून. तिथे पाण्याच्या तुषारांची यंत्रणा बसवण्याचं काम चालू होतं, अॅस्बेस्टॉस सापडल्यामुळे लांबलेलं. 2018 ला दुरुस्ती चालू असताना तीच इमारत पुन्हा जळाली, आणि तेव्हाही तुषार यंत्रणा कार्यान्वित झालेली नव्हती. म्हणून काम सुरू होतानाच तात्पुरती धूरसूचना बसवायची, वेल्डिंगला लेखी परवाना लागेल, आणि वेल्डिंग थांबल्यावर किमान तासभर एक माणूस पाण्याचा पाइप घेऊन तिथेच उभा राहील. हे ठेकेदाराला जाचक वाटेल. वाटू दे.

'मग पाडून नवीनच बांधा, सुरक्षित तरी होईल' हे म्हणणारेही थोडे नाहीत. नव्यात जिने, पार्किंग, आगीचे कप्पे सोपे पडतात, हे कबूल. पण नवं म्हणजे सुरक्षित? शिकागोचं इरोक्वा थिएटर 1903 च्या नोव्हेंबरात उघडलं, 'पूर्णपणे अग्निरोधक' म्हणून जाहिरात झाली, आणि 30 डिसेंबरला तिथे 602 माणसं मेली. आर्क दिव्याची ठिणगी पडद्यावर पडली आणि रंगमंच प्रेक्षागृहापासून तोडणारा अग्निरोधक पडदा उतरताना मध्येच अडकला. इमारत सव्वा महिन्याची होती. उलट खासबागेशेजारच्या आपल्या नाट्यगृहाची जाड दगडी भिंत आग विझल्यावरही उभी राहिली. आता तिला जोडीला हवा तो रंगमंच आणि प्रेक्षागृह वेगळे करणारा पडदा, रंगमंचाच्या माथ्यावर धूर सोडणारी आपोआप उघडणारी झडप, बाहेर उघडणारी दारं, आणि छताच्या पोकळीत हवा ओढून धूर हुंगणाऱ्या नळ्या, कारण साधा डिटेक्टर तिथल्या धुळीत सहा महिन्यांत आंधळा होतो किंवा उगाच बोंबलत राहतो.

राहिला पैशाचा आणि तपासणीचा मुद्दा. महापालिकेकडे पैसा नाही हे खरं. पण यातल्या सर्वात उपयोगी गोष्टीला फारसा पैसा लागतच नाही. प्रयोग संपला की एक मास्टर आयसोलेटर, म्हणजे मुख्य वीज तोडणारा खटका, खाली ओढायचा आणि आगीची सूचना, आणीबाणीचे दिवे व पंप सोडून सगळी इमारत मृत करायची. अट एकच, या तिघांचा फीडर आयसोलेटरच्या अलीकडून निघालेला हवा. मध्यरात्री रिकाम्या इमारतीत जी आग लागते तिला मग वीजच मिळत नाही. तपासणी होतेच की, असंही सांगितलं जाईल. 2006 च्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेनं प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते आवश्यक आहे, पण छतातल्या जॉइंटचं त्यात काही कळत नाही. वायरिंगचं ऑडिट म्हणाल तर ते मार्चअखेर उरकलं जातं, बजेट संपवायचं म्हणून. मार्चमध्ये भिंती कोरड्या असतात, 500 व्होल्टच्या मेगरवर (तारेच्या वेष्टणाचा अवरोध मोजणाऱ्या यंत्रावर) इन्सुलेशन झकास दिसतं. तीच भिंत ऑगस्टमध्ये ओली झाली की आकडा एक मेगओहमच्या खाली येतो, आणि तो आकडा खरा. म्हणून मेगर श्रावणात लावा. अर्थिंगचं बरोबर उलटं: इथली काळी माती मेमध्ये आकसून इलेक्ट्रोडपासून सुटते, तेव्हा अवरोध सर्वात जास्त भरतो, म्हणून अर्थ पिट मेमध्ये मोजा. उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा सकाळी साफसफाईच्या वेळी फिरवून उपयोग नाही. हाउसफुल्ल प्रयोगाच्या दुसऱ्या अंकात, सगळे दिवे आणि एसी चालू असताना पॅनेलचं दार उघडून बघा, ढिला जॉइंट तेव्हाच लाल दिसतो.

हे सगळं टेंडरमध्ये उतरलं तरच होईल. जुन्या तारा काढण्याची स्वतंत्र बाब, प्रत्यक्ष बसवलं तसा नकाशा पॅनेलच्या दाराआड आणि एक प्रत महापालिकेत, पाच वर्षांची देखभाल त्याच ठेकेदाराकडे, आणि शेवटचा हप्ता एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा उलटल्यावर. उशिराच्या दंडाची अट मात्र अशी ठेवू नका की तो चुकवण्यासाठी माणूस काहीही करील. व्हेनिसची आग दंड टाळू पाहणाऱ्या दोन इलेक्ट्रिशियननीच लावली होती, हे तिथल्या न्यायालयात सिद्ध झालं. उद्घाटनाच्या आधी एक प्रयोग फुकट ठेवा, सगळ्या खुर्च्या भरा, स्टेजवरचे सगळे दिवे तीन तास पेटते ठेवा, मध्येच मेन पाडा, आणि जनरेटर, आणीबाणीचे दिवे व डिझेल पंप किती सेकंदांत सुरू होतात ते लोकांसमोर मोजा.